‘जीपची प्लेट द्या’ म्हणू नका

सकाळी 8
वाशीमच्या गॅरेजचं शटर वर गेलं, तेवढ्यात रिसोडकडून एक जुनी पेट्रोल जीप दारात येऊन उभी राहिली. मालक काका उतरले. “मिस्तरी, इंजिन लय वरडते, पण गाडी ओढत नाई. प्लेट मी घेऊनच आलो.” त्यांच्या हातात नव्या क्लच प्लेटचं खोकं होतं. ते मी तूर्तास फळीवर ठेवलं.

आधी पेडल दाबून पाहिलं. वरच्या टोकाला साधारण इंचभर सूट लागते. ती संपली की रिलीज बेअरिंग सतत फिंगरवर टेकून राहतं आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते. तसं असेल तर नुसतं लिंकेज जुळवून काम भागतं, गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. इथं सूट बरोबर होती. मग हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच हळू सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं, पण ते तसंच फिरत राहिलं. प्लेट गेली होती.

सकाळी 9
पान्याला हात लावण्याआधी कागद पाहायचे. महिंद्राने विलीज जीपची जुळणी मुंबईत 1947 मध्ये सुरू केली. त्यातलं सीजे-3बी हे मॉडेल अमेरिकेत 1968 मध्ये थांबलं, आपल्याकडे मात्र पुढेही बनत राहिलं. पुढे डिझेल स्वस्त पडतं म्हणून कुणी इंटरनॅशनलचं इंजिन बसवलं, कुणी प्यूजोचं. आज आमच्या भागात एकाच चेहऱ्याच्या दोन जिपा शेजारी उभ्या असल्या, तरी आतला क्लच एकच असेल असं सांगता येत नाही.

आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबरशी ताडून पाहिला. जुळला. म्हणजे 2.2 लिटरचं मूळ हरिकेन पेट्रोल इंजिनच आत होतं. पन्नाशी ओलांडलेली गाडी मूळ रूपात असेल, तर 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते, हे काकांना सांगितलं. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला की तो मार्ग बंद होतो. तशी नोंद केल्यावर गाडी रोज चालवता येत नाही, हेही सांगितलं. निर्णय त्यांचा. माझ्यापुरतं ठरलं, इंजिन मूळ आहे तर क्लचही मूळ मापाचाच.

सकाळी 10
गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस एकत्रच खाली येतात. वजन मोठं, म्हणून जॅक, ठोकळे आणि मदतीला पोरगा. प्रेशर प्लेट सोडण्याआधी तिच्यावर आणि फ्लायव्हीलवर पंचाने खूण केली.

हाउसिंगमधल्या धुळीला हवा मारू दिली नाही. जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. ओल्या फडक्यानेच पुसायचं, हा आमच्या गॅरेजचा नियम आहे.

दुपारी 12
आता दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. व्हर्निअर काढला आणि पोराला वही धरायला लावली.

जुन्या प्लेटचा बाहेरचा व्यास साडेआठ इंच. क्लच शाफ्टवर दहा स्प्लाइन, शाफ्टची जाडी सव्वा इंचाला थोडी कमी, म्हणजे 1⅛ इंच. मग हबची उंची, ती दोन्ही बाजूंनी किती बाहेर येते, फ्लायव्हीलचा खड्डा किती खोल, प्रेशर प्लेटच्या बोल्टांचं अंतर, तिन्ही फिंगरची उंची आणि बेअरिंगचा घेर.

मग काकांचं खोकं उघडलं. प्लेट सव्वानऊ इंची. स्प्लाइन मात्र तेच दहा, त्यामुळे ती शाफ्टवर लोण्यासारखी सरकली आणि काकांचा चेहरा खुलला. फसगत होते ती इथेच. शाफ्टवर बसली म्हणजे गाडीला बसली असं नाही. या गाडीची प्रेशर प्लेट साडेआठची आहे, तिच्यात ही मावणार नाही. मोठी घालायची तर प्रेशर प्लेट आणि तिला जुळणारं फ्लायव्हीलही बदलावं लागेल. दुकानदाराचीही चूक नाही. काकांनी ‘जीपची प्लेट’ मागितली, त्याने जीपची दिली.

दुपारी 2
अकोल्याला फोन केला आणि मापांच्या पानाचा फोटो पाठवला. तीन वाटा होत्या. जुन्याच प्लेटला नवी लाइनिंग रिव्हेट करायची. पण हबच्या स्प्रिंगा सैल झाल्या होत्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेला जुना माल घ्यायचा. पण त्यात गंज आणि चिंबलेली स्प्रिंग निघू शकते. तिसरी वाट म्हणजे त्याच मापाची नवी प्लेट आणि प्रेशर प्लेट, दोन्ही जोडीने. तीच धरली. माल एसटीने निघाला.

दुपारी 3
फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसाएवढ्या भेगा होत्या. लेथवर नेऊन त्याचा फेस सरळ करून आणला. क्रँकच्या टोकातला पायलट बुश बदलला. लाइनिंग तेलकट निघाली होती, म्हणून इंजिनच्या मागच्या सीलचं गळणंही थांबवलं. ते तसंच ठेवलं असतं, तर नवी प्लेटसुद्धा थोड्या दिवसांत घसरली असती.

संध्याकाळी 5
पार्सल आलं. खोक्यावरच्या नंबरवर न जाता प्रत्येक माप वहीशी पुन्हा लावून पाहिलं. प्लेट शाफ्टवर हाताने सरकली, कुठे अडली नाही. मग ती फ्लायव्हीलवर टेकवून हब बोल्टांच्या डोक्यांना लागत नाही ना, ते पाहिलं. उलटी बसवली तर हब तिथेच घासतं आणि क्लच सुटत नाही. जुना क्लच शाफ्ट घालून प्लेट मध्यावर आणली आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले.

रात्री 8
पेडलची सूट जुळवली आणि रिसोड रस्त्यावर चाचणी घेतली. गिअर न करकरता पडले, गाडीने ओढ धरली. काकांना सांगितलं, सुरुवातीचे काही दिवस भारी ओझं ओढू नका आणि पेडलवर पाय टेकवून गाडी चालवू नका.

वहीतलं पान फाडून त्यांच्या आरसीच्या पाकिटात ठेवलं. जुनी जीप, ट्रक किंवा ट्रॅक्टर ज्यांच्या दारात आहे, त्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे. गाडीच्या नावावर आणि सालावर क्लच मागू नका. व्यास, स्प्लाइन, हबची उंची आणि बोल्टांचं अंतर लिहून ठेवा, आणि दुकानात जुनी प्लेट हातात घेऊनच जा.