भाच्याचा पंप आणि आर-१३४ए

(माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या!)

थर्ड इयरला रेफ्रिजरेशनच्या लॅबमध्ये सिलिंडरवर 'आर-१३४ए' वाचलं आणि मी चमकले. हा आकडा मी जालन्याला पाहिला होता, ताईच्या चार वर्षांच्या मुलाच्या दम्याच्या पंपावर!

होय, गाडीच्या एसीतला गॅसच पंपातलं औषध बाहेर ढकलतो. आधी तिथे सीएफसी असे. तो ओझोनचा थर विरळ करतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने गेला आणि हा आला. हा ओझोनला त्रास देत नाही, पण वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता धरून ठेवतो. एका पंपात १५ ग्रॅम गॅस धरला, तर हिशोब २० किलोच्या घरात जातो.

झालं! सुट्टीत मी ताईला लेक्चर दिलं, "पंप बंद कर, पावडरची कॅप्सूल दे. तिच्यात गॅसच नसतो."

ताईने मला सरळ डॉक्टरांसमोर बसवलं. ते म्हणाले, "पावडर ओढायला जोराचा श्वास लागतो. दम लागलेलं एवढंसं पोर तो आणणार कुठून?" माझी चांगलीच जिरली.

मग करायचं काय? त्यांनीच सांगितलं. दमा आटोक्यात ठेवणारं औषध रोज न चुकता दिलं की तातडीचा पंप कमी लागतो. 'सवय लागेल' या भीतीने ते मध्येच सोडू नये. पंपाला स्पेसर लावला की औषध घशात कमी चिकटतं, छातीत जास्त उतरतं. आणि पंप रिकामा झाला का हे बघायला आम्ही रोज हवेत फवारे मारायचो, तो गॅस फुकट जायचा! नव्या किंवा बरेच दिवस पडून राहिलेल्या पंपाचेच सुरुवातीचे फवारे सोडायचे असतात. आता ताई कॅलेंडरवर फवारे मोजते. रिकामा डबा मात्र चुलीत टाकू नका, फुटतो.

१३४ए च्या जेमतेम दहावा हिस्सा उष्णता धरणारा १५२ए गॅस पंपात आणायचं काम कंपन्यांनी हाती घेतलंय. तोवर?

हॉस्टेलमध्ये उशीखाली पंप लपवणारे आपल्यातही आहेत. लाजू नका. आपण मोठे आहोत, आपल्यापैकी बरेच जण पावडर ओढू शकतात. डॉक्टरांना विचारून बदला, मनाने नको. गॅस सोडायचाच असेल तर आधी आपण सोडू. माझ्या भाच्याला अजून काही वर्षं तो लागणार आहे.