फळी फुगते तेव्हा

गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या दोन नौका एकाच प्रश्नाला नेमकं उलट उत्तर देतात. दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या ‘म्हादेई’चा लाकडी गाभा काचतंतू आणि रेझिनच्या थरांत बंद आहे. २०२५मध्ये नौदलात आलेल्या ‘कौंडिण्य’च्या फळ्या मात्र काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, फटी राळेने बुजवलेल्या. पहिलीत लाकडाला पाणी लागूच द्यायचं नाही. दुसरीत लाकूड फुगणार, हे धरूनच चालायचं. जुनी होडी दुरुस्तीला काढणाऱ्याने आपली होडी यांतल्या कोणत्या घरची, ते आधी पाहावं. सरसाच्या डब्यावरचा ताकदीचा आकडा नंतर.

कारण फटींत कापूस ठासलेली होडी उन्हात वाळली की त्या फटी एपॉक्सीने भरायचा मोह होतो. काम देखणं दिसतं. होडी पाण्यात गेली की फळ्या रुंदीला फुगतात, सांधा हलत नाही, आणि फळीच शेजारून चिरते. तिथे कापूस आणि राळच बरी.

डोलकाठीचा जोड किंवा प्लायवूडची होडी असेल तर गोष्ट वेगळी. जुना सुतारी सरस पाण्यात सुटतो. साधा पांढरा फेव्हिकॉल केबिनमधल्या कपाटापुरता ठीक. रिसॉर्सिनॉल हा सरस उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लाकडी लढाऊ बोटींत तो वापरला गेला. पण त्याला सांधा तंतोतंत बसलेला हवा, शिकंजे करकचून आवळलेले हवेत आणि हवा २१ अंशांच्या वर. कोकणात हवेची चिंता नाही, रंध्यावरच्या हाताची आहे.

दुरुस्तीत मोडलेला भाग कधीच तंतोतंत बसत नाही, म्हणून मी एपॉक्सीच्या बाजूने आहे. घट्ट केलेलं एपॉक्सी फट भरूनही धरून ठेवतं; उलट शिकंजा फार आवळला तर ते पिळून बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो. (२०२०मध्ये अराल्डाइट या एपॉक्सीचा भारतातला व्यवसाय फेव्हिकॉलवाल्या पिडिलाइटने घेतला. दोन्ही डबे आता एकाच घरचे, काम मात्र वेगळं.)

खरा घोटाळा फायबरच्या बोटींवर हात बसलेल्या कारागिराचा होतो. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर थोडा कमी-जास्त करून वेग सांभाळता येतो. तीच सवय तो एपॉक्सीला लावतो, आणि जास्त हार्डनरने सांधा लवकर घट्ट होत नाही, कायमचा मऊ राहतो. डब्यावर पाचास एक लिहिलं असेल, तर पाचास एकच. मिश्रण खोल पेल्यात ठेवलं तर तापून धूर सोडतं. पसरट थाळीत घ्यावं. दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट थर आला तर पुढचा हात देण्याआधी तो साध्या पाण्याने घासून धुवावा. आधी पॉलिशपेपर मारला तर तो नुसता पसरतो. आणि काळ्या रंगाचा डेक मे महिन्याच्या उन्हात इतका तापतो की खालचं एपॉक्सी मऊ पडू शकतं. डेक पांढरा ठेवा.

प्रत्येक घाण्याची थाळी तारीख लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तिच्यात नख रुतलं, तर तो सांधा होडी पाण्यात लोटण्याआधी उघडा.