घडीचा संगणक की पेटीचा?

गेल्या वैशाखात एके सायंकाळी आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आपल्या आईस घेऊन घरी आला. खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहून तो लग्नकार्यांचे चित्रीकरण करतो आणि त्याचे संकलनही स्वतःच करतो. पोस्टातील ठेवीची मुदत संपून आईच्या हाती ८० हजार रुपये आले होते. "गुरुजी, घडीचा घ्यावा की पेटीचा, एवढे तुम्ही सांगा. हे पैसे पुन्हा उभे राहायचे नाहीत," ती माउली म्हणाली. मी मराठीचा मास्तर. या विषयात माझा अधिकार तो काय? पण नाही म्हणवेना. दोन रविवार त्याच्या शेजारी बसून काम पाहिले, थोडे वाचले, आणि मगच तोंड उघडले.

घरात एक जुना लॅपटॉप होताच. पहिली दहा-पंधरा मिनिटे तो नीट चाले. मग पंखा घरघरू लागे, कळफलक तापे आणि पडद्यावरील नवरदेव अक्षता पडण्यापूर्वीच अडखळून उभा राही. मला वाटले, यंत्र बिघडले. तसे नव्हते. पातळ देहातून उष्णता वेगाने बाहेर पडत नाही. तेव्हा यंत्र स्वतःस वाचविण्यासाठी आपली गती आपणच कमी करते. (मांडीवर ठेवावयाचा म्हणून ज्यास लॅपटॉप म्हणावे, तो या कामात मांडीवर ठेववत नाही, ही मौजच!)

चित्रफितीचे ओझे एवढे का, हेही तेथेच उमगले. कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्णपणे नोंदवीत नाही. एक चित्र संपूर्ण घेतो आणि पुढील अनेक चित्रांत केवळ काय बदलले तेवढेच टिपतो. हजेरीत फक्त गैरहजरांची नोंद करावी तसे. साठवणीस हे सोयीचे, परंतु मधूनच कापावयाचे म्हटले की यंत्रास मागच्या पूर्ण चित्रापासून सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. शिवाय आकार पाहा. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने घेतलेल्या एका तासाच्या चित्रणास ४५ जीबी जागा लागते. लग्नाचे सहा तास म्हणजे २७० जीबी. त्याची दुसरी प्रत हवीच, कारण हरवलेले लग्न पुन्हा लावता येत नाही.

दुकानात फसगत होते ती नावाने. 'आरटीएक्स ४०७०' हे चित्रप्रक्रियेचे कार्ड पेटीत असेल तर त्याची स्वतःची स्मृती १२ जीबी असते आणि ते २०० वॉटपर्यंत वीज घेते. त्याच नावाच्या लॅपटॉपमधील चिपची स्मृती ८ जीबी, आणि वीजही बरीच कमी. नाव एक, बळ निराळे. पेटीत पुढे रॅम वाढविता येते, नवी डिस्क बसविता येते. अनेक लॅपटॉपांत रॅम कायमची जडविलेली असते.

लॅपटॉपची बाजू लंगडी आहे असे मात्र नव्हे. गावोगाव फिरून त्याच दिवशी चित्रफीत द्यावयाची असेल, तर त्यास पर्याय नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने 'एम-१' चिपचे संगणक आणले, तेव्हापासून कमी विजेत आणि फारसे न तापता संकलन करणारे लॅपटॉप मिळू लागले आहेत. पण त्यांचीही रॅम मागाहून वाढत नाही.

विजेचा प्रश्न आईने काढला, आणि तो रास्त होता. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी परतेल याचा नेम नसतो. परंतु चातुर्मासात मुहूर्तच नसतात. कामाची खरी घाई तुळशीच्या लग्नानंतर. काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्याइतका अवसर देणारा यूपीएस घ्यावा, असे ठरले. मुलाचे सारे संकलन घरी, रात्री, एकाच टेबलाशी होते. म्हणून मी पेटीच्या बाजूने कौल दिला. बत्तीस जीबी रॅम, मोठा पडदा, प्रतींसाठी वेगळी डिस्क आणि यूपीएस, हे सारे त्या रकमेत कसेबसे बसले. कार्ड मात्र हलके घ्यावे लागले.

जुना लॅपटॉप आता लग्नघरी कॅमेऱ्याचे कार्ड उतरवून घेण्यापुरता जातो. परवा त्यांच्याकडे गेलो, तर आईने नव्या पेटीवर क्रोशाचे सुरेख आच्छादन घातले होते, आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी मुलगा ते मुकाट्याने काढून, घडी करून बाजूला ठेवीत होता.