चावी काढल्यावरही चालू

रात्री सोलापूर स्टेशनबाहेर गाडी लावायची, सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठायची आणि काम उरकून परवा सकाळी परतायचं. मधल्या सुमारे 32 तासांत डॅशकॅम चालू राहावा, असं अनेकांना वाटतं. चावी काढली की तो बंद पडतो, कारण त्याची वायर चावीच्या लाइनवर असते. ती डायरेक्ट लाइनवर, म्हणजे थेट बॅटरीच्या पुरवठ्यावर घ्यावी लागते.

दोन्ही लाइनी फ्यूज बॉक्समध्येच सापडतात. गाडी बंद करून चावी काढा, दारं लावून वीसेक मिनिटं थांबा. काही सर्किटं उशिरा झोपतात. मग मल्टीमीटरची काळी पिन बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला आणि लाल पिन फ्यूजच्या माथ्यावरच्या उघड्या धातूला टेकवा. बारा व्होल्टच्या आसपास आकडा आला तर लाइन डायरेक्ट. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन कंट्रोलच्या फ्यूजना मात्र हात लावू नका. वायर सोलून टेप गुंडाळण्यापेक्षा फ्यूज टॅप वापरा: मूळ फ्यूज तसाच राहतो, डॅशकॅमला स्वतःचा दोन-तीन अँपिअरचा फ्यूज मिळतो. वायर थेट बॅटरीवरून आणली, तर फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. त्याआधीच्या तुकड्याचं आवरण बॉडीला घासून फाटलं, तर शेकडो अँपिअर वाहतात आणि वायर पेटते.

आता हिशेब. पाच वॅटचा डॅशकॅम बारा व्होल्टवर साधारण 0.4 अँपिअर ओढतो. 32 तासांत झाले 13 अँपिअर-तास. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असते, पण ती नवी असताना. सोलापूरचे चाळिशीपलीकडचे एप्रिल-मे सोसलेली बॅटरी तेवढं देत नाही, आणि स्टार्टरलाही वाटा उरायला हवा.

म्हणून व्होल्टेज घसरल्यावर पुरवठा तोडणारं हार्डवायर किट घ्याच. माझ्या मते त्याशिवाय ही जोडणी करूच नये. विश्रांतीतली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या वर दाखवते, 12.2 ला ती निम्मी रिकामी असते. कटऑफ तिथेच ठेवा. अक्कलकोटला दर्शनापुरता मोबाइल चार्ज करायचा असेल, तर अर्ध्या तासाने सुटणारा टायमर रिले पुरतो.

जोडणी झाल्यावर गाडी एक रात्र घरासमोरच उभी ठेवा आणि सकाळी स्टार्टर मारण्याआधी बॅटरीचं व्होल्टेज मोजा.