पुसदला या, पण केव्हा?

एप्रिल उजाडला की पुण्या-मुंबईकडे स्थायिक झालेल्या नातलगांचे फोन सुरू होतात. 'मुलांच्या परीक्षा संपल्या, आठवडाभर पुसदला यावं म्हणतो. बघण्यासारखं काय काय आहे?' मी म्हणतो, यादी नंतर करू, आधी महिना ठरवू.

पुसद हे पूस नदीकाठचं, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं शहर. अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे इथवर आलेले आहेत. डोंगर म्हटलं की थंड हवा, असं आपण गृहीत धरतो. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणून तिथं मे महिन्यातही जीव सुखावतो. पुसद मात्र डोंगरांच्या माथ्यावर नाही, त्यांच्या कुशीत आहे. इथं ऊन विदर्भाचंच! त्यात आमचं जंगल सागाचं. उन्हाळ्यात पाणी वाचवायला साग पानं गाळतो आणि डोंगर उघडे पडतात. ओढे आटतात. मग शहरातून आलेलं मूल 'आजोळी नुसतं ऊन असतं' एवढंच मनात घेऊन परत जातं. मला वाईट वाटतं ते याचं.

म्हणून माझा आग्रह दिवाळीच्या सुट्टीचा. पाऊस नुकताच सरलेला असतो, धरणांत पाणी असतं, सागाची पानं अजून झाडावर असतात आणि पहाटे हलकी थंडी पडू लागते. मुक्काम पुसदलाच ठेवावा आणि तीन दिवसांचा बेत आखावा.

पहिला दिवस जवळपासचा. सकाळी पूस धरण पाहावं. नंतर गहुलीला जावं. १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक १ जुलै १९१३ रोजी याच खेड्यात जन्मले. त्यांचा जन्मदिवस आपण कृषिदिन म्हणून पाळतो. वाटेत बंजारा तांडे लागतात. मुलांना ते अवश्य दाखवावेत.

दुसरा दिवस माहूरचा. पैनगंगा ओलांडली की आपण नांदेड जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात शिरतो. एकेकाळी अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचं राज्य, अशी ही नदी सीमा होती. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेली रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूयामाता ही तीन स्थानं वेगवेगळ्या शिखरांवर आहेत. जोडीला जुना किल्ला आणि खडकात कोरलेली पांडवलेणी. घाई केली तर निम्मं राहून जातं. बरोबर वडीलधारी माणसं असतील तर पायऱ्यांचा विचार आधी करावा. नवरात्रात आणि दत्तजयंतीला प्रचंड गर्दी असते, हेही ध्यानात ठेवावं.

तिसरा दिवस सहस्रकुंडाचा. उमरखेड-ढाणकीमार्गे जाऊन-येऊन पूर्ण दिवस लागतो. इथं पैनगंगा काळ्या खडकावरून अनेक धारांनी कोसळते, म्हणून हे नाव. हा प्रवाह पाहायचा तर पावसाळ्याची अखेर उत्तम. उन्हाळ्यात धार अगदी बारीक होते. परंतु एक गोष्ट आवर्जून सांगतो. ओला खडक शेवाळामुळे निसरडा होतो. शिवाय नदीवर वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. तिथून पाणी सोडलं किंवा वर पाऊस झाला, तर पातळी भराभर वाढते. फोटोसाठी प्रवाहात उतरू नये आणि मुलांचा हात सोडू नये. याच भागात पैनगंगा अभयारण्य आहे. नदीनं त्याला तीन बाजूंनी विळखा घातला आहे. तिथं जायचं असल्यास वनखात्याकडे आधी चौकशी करावी.

वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग पूर्ण होईपर्यंत वाशीम किंवा हिंगोली स्थानकावर उतरून एस.टी.नं पुढं यावं लागेल. सणाच्या गर्दीत आरक्षण लवकर केलेलं बरं.

दिवाळी जमत नसेल तर होळीच्या सुमारास या. तेव्हा साग उघडा असला, तरी पळस केशरी फुलांनी पेटलेला असतो. आणि मे महिन्यातच यायचं असेल तर आमरसासाठी, माणसांसाठी जरूर या. तेव्हा भटकंती पहाटे उरकावी, दुपारी घरातच राहावं. फक्त धबधब्याचं आश्वासन मुलांना देऊ नका. ते दिवाळीसाठी राखून ठेवा.