हिवाळा मागणारे ऑर्किड

ऑर्किड म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर दमट जंगलातले एखादे झाड येते. शेवाळलेल्या फांदीला बिलगलेली जाडजूड मुळे आणि त्यांतून लोंबणारा फुलांचा घोस. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी ही अशीच. त्यामुळे वर्षातले चार-पाच महिने बर्फाखाली काढणारे ऑर्किड असते, एवढेच नव्हे तर तो बर्फाळ काळ मिळाला नाही तर ते मरते, हे सांगितले तर सहसा कोणाचा विश्वास बसत नाही. सिप्रिपेडियम ही अशी प्रजाती आहे. युरोप, उत्तर अमेरिका, सायबेरिया, चीन आणि जपान येथील थंड प्रदेशांत मिळून तिच्या सुमारे ५० जाती आढळतात. आपल्या हिमालयातही तिचे काही सदस्य आहेत. उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीत पावसाळ्यात गेलेल्या गिर्यारोहकांनी सिप्रिपेडियम हिमालयिकमचे तांबूस फूल पाहिलेही असेल.

या फुलाची खालची पाकळी फुगून तिचा एक लहानसा बटवा झालेला असतो. युरोपीय लोकांना त्यात बाईच्या पायातली सपाता दिसली. लिनियसने १७५३ साली प्रजातीला नाव दिले तेही सायप्रसच्या देवीचे, म्हणजे व्हीनसचे, पादत्राण अशाच अर्थाचे. पण हे पादत्राण नसून सापळा आहे. रंगाला आणि वासाला भुलून लहान मधमाशी बटव्यात उतरते. आत मध नसतोच! बटव्याची कड आत वळलेली आणि भिंती गुळगुळीत, त्यामुळे आल्या वाटेने बाहेर पडता येत नाही. मागच्या बाजूला मात्र केसांची एक शिडी असते आणि वर दोन लहान खिडक्यांतून उजेड दिसतो. त्या उजेडाकडे चढताना माशीला आधी किंजल्काखालून आणि मग परागकोशाला घासून जावे लागते. क्रम महत्त्वाचा आहे. आधीच्या फुलातून आणलेला पराग प्रथम किंजल्कावर पुसला जातो, नवा पराग त्यानंतर पाठीला लागतो. स्वपरागण टाळण्याची इतकी साधी युक्ती वर्गात फळ्यावर काढून दाखवण्याजोगी आहे.

बियांची कथा याहून निराळी. एका बोंडात हजारो बिया असतात, पण प्रत्येक बी म्हणजे निव्वळ धुळीचा कण. तिच्यात अंकुराला पोसणारा अन्नसाठाच नसतो. १८९९ मध्ये नोएल बेर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की ऑर्किडचे बी रुजते ते जमिनीतल्या विशिष्ट कवकाच्या मदतीने. कवक बीमध्ये शिरते आणि अंकुर त्याच्याकडून अन्न मिळवतो. पुढे १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी कवकाला बाजूला सारून, साखर आणि क्षार घातलेल्या निर्जंतुक माध्यमावर ऑर्किडच्या बिया रुजवल्या. आज बाजारात दिसणारी बहुतेक ऑर्किडे या बाटलीतल्या शेतीची देणगी आहेत.

सिप्रिपेडियमने मात्र या पद्धतीलाही बराच काळ दाद दिली नाही. परिणाम काय झाला? बागेत हवे असेल तर रानातून खणून आणायचे, हाच एक मार्ग उरला. इंग्लंडमध्ये सिप्रिपेडियम कॅल्सिओलस ही पिवळ्या बटव्याची जात एकेकाळी उत्तरेकडच्या चुनखडीच्या टेकड्यांवर उगवत असे. हौशी लोकांनी ती इतकी उपटली, की १९१७ मध्ये ती तिथून नाहीशी झाल्याचे जाहीर करण्यात आले. १९३० साली यॉर्कशायरमध्ये एकच झाड सापडले. एकच! त्याची जागा गुप्त ठेवण्यात आली आणि पुढे अनेक वर्षे फुलांच्या दिवसांत तिथे पहारा बसत असे. १९८३ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानात बाटलीतून रोपे तयार करण्याचा प्रकल्प सुरू झाला. यशाची एक किल्ली अशी निघाली, की बी पूर्ण पिकू द्यायचेच नाही. पिकलेल्या बीचे कवच पाणी आत जाऊ देत नाही. बोंड हिरवे असतानाच बी काढले तर ते बरेच सहज रुजते. अशा रोपांपैकी रानात परत लावलेले पहिले रोप २००० साली फुलले.

कुंडीतल्या लागवडीला महत्त्व आले ते यामुळेच. आता पाश्चात्त्य देशांतल्या रोपवाटिकांत बियांपासून वाढवलेली रोपे मिळतात, आणि नीट वाढवता आली तर रानाकडे हात जाण्याचे कारण उरत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचे राज्यपुष्प असलेल्या सिप्रिपेडियम रेजिनीला रानात पहिले फूल येण्यास सोळा वर्षांपर्यंत काळ लागू शकतो. बाटलीतून आलेले रोपसुद्धा फुलायला सहसा चार-पाच वर्षे तरी घेते. इतक्या वर्षांची गुंतवणूक एका चुकीच्या कुंडीत वाया जाऊ शकते.

कुंडीची चूक ती कसली? इथे थोडे भौतिकशास्त्र आवश्यक आहे. वर्गात एक प्रयोग करून पाहा. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. पाणी ठिबकायचे थांबले, की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल. स्पंज तोच, छिद्रे तीच, मग हे पाणी आले कोठून? केशाकर्षणामुळे स्पंजच्या तळाशी ठरावीक उंचीचा एक चिंब थर टिकून राहतो. आडव्या स्पंजमध्ये हा थर जवळजवळ सगळा स्पंज व्यापतो, उभ्यामध्ये तळाचा थोडासाच भाग. कुंडीतही नेमके हेच घडते. चिंब थराची उंची कुंडीच्या खोलीवर नव्हे, तर मातीच्या कणांवर अवलंबून असते. कण जितके बारीक तितका थर उंच. उथळ कुंडीत बागेची चिकण माती भरली, तर मुळे बाराही महिने दलदलीत उभी राहतात. जाता जाता आणखी एक गोष्ट. तळाशी खापऱ्यांचा जाड थर घातला की निचरा सुधारतो, असे आपले माळी मानतात. वस्तुतः बारीक मातीतले पाणी खापऱ्यांच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, त्यामुळे चिंब थर तेवढाच वर सरकतो. भोकावर एक खापरी ठेवावी, ती माती वाहून जाऊ नये म्हणून.

सिप्रिपेडियमची मुळे रानात पानगळीच्या भुसभुशीत थरात आडवी पसरतात. त्यांना ओल हवी असते, पण हवाही तितकीच हवी असते. म्हणून कुंडी पसरट घ्यावी, मोठ्या झाडासाठी तोंड २५ ते ३० सेंटिमीटर असावे, पण ती फार उथळ नसावी. आत भरायचे मिश्रण मुख्यतः खनिज असते. पर्लाइट, प्यूमिस म्हणजे सच्छिद्र ज्वालामुखी दगड, जाड वाळू किंवा भाजलेल्या मातीचे बारीक खडे, आणि त्यात पाचव्या हिश्शाहून कमी कुजलेला पाला. शेणखत भरपूर घालण्याची आपली सवय इथे घातक ठरते. ही मुळे क्षारांना फार हळवी असतात. वाढीच्या दिवसांत द्रवखत नेहमीच्या चौथाई तीव्रतेचे दिले तरी पुरते.

लावणी शरद ऋतूत, पाने पिवळी पडल्यावर करतात. मूलक्षोड, म्हणजे जमिनीखालचे आडवे खोड, मधोमध ठेवून मुळे चाकाच्या आऱ्यांसारखी पसरायची आणि कोंबांच्या टोकांवर दोन-तीन सेंटिमीटर मिश्रण येईल इतकेच झाकायचे. मुळे मोडू देऊ नयेत. तुटलेल्या मुळाला फाटे फुटून भरपाई होईल अशी आशा इथे फारशी धरता येत नाही.

त्या कोंबात एक नवल दडलेले असते. पुढल्या वसंतातली पाने आणि फूल दोन्ही आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन त्यात घडी घालून बसलेली असतात. म्हणजे यंदा पाने गोगलगायींनी खाल्ली किंवा कडक उन्हाने करपली, तर त्याचा दंड पुढल्या वर्षी भरावा लागतो. वसंतात वर आलेला कोंब उशिराच्या हिमतुषाराने गोठला तर त्या वर्षी सहसा दुसरा फुटत नाही. अशा रात्री कुंडीवर पोते टाकावेच. जागा सकाळच्या कोवळ्या उन्हाची आणि दुपारच्या सावलीची असावी.

कुंडी मातीची की प्लास्टिकची? मातीची कुंडी आपल्या माठासारखी पाझरते आणि बाष्पीभवनाने मुळे गार ठेवते, हे उन्हाळ्यात चांगले. पण हिवाळ्यात तिच्या छिद्रांतले पाणी गोठते. पाण्याचे बर्फ होताना आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि कुंडी तडकते. काळे प्लास्टिक तडकत नाही, परंतु उन्हात तापते. अनुभवी लोक प्लास्टिकची कुंडी वाळूच्या वाफ्यात काठापर्यंत पुरून दोन्ही अडचणी टाळतात. या पुरण्याला दुसरेही कारण आहे. रानातल्या झाडाला खालून जमिनीची ऊब आणि वरून बर्फाची दुलई असते. बर्फात अडकलेली हवा उष्णता वाहू देत नाही. उघड्यावरची कुंडी मात्र सगळ्या बाजूंनी गोठते, दुपारी वितळते आणि रात्री पुन्हा गोठते. स्थिर थंडी सोसणारे झाड या उलटसुलट खेळात कुजते, विशेषतः मिश्रण चिंब असेल तर. म्हणून हिवाळ्यात पावसाचे पाणी चुकवून मिश्रण जेमतेम ओलसर ठेवतात.

आणि थंडी हवीच. ५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखालचे सुमारे तीन महिने मिळाल्याशिवाय कोंबाची सुप्तावस्था नीट मोडत नाही. हे कुलूप नसते तर हेमंतातल्या चार उबदार दिवसांना वसंत समजून कोंब वर आला असता आणि गोठून गेला असता. सफरचंदाचेही असेच आहे. त्याच्या जुन्या जातींना ७ अंशांखालचे सुमारे हजार तास लागतात, म्हणून तर ते काश्मीर-हिमाचलचे फळ. सफरचंदात इस्राएलमधल्या ॲना या जातीसारख्या थोड्या थंडीवर भागवणाऱ्या जाती निघाल्या आहेत. सिप्रिपेडियमने ती सवलत दिलेली नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठते खरे, पण दुपारी ऊन तापते. सलग थंडी तिथेही नाही. तेव्हा महाराष्ट्रात हा नाद करू नये, असेच मी म्हणेन. थंड देशांतले काही हौशी लोक मूलक्षोड किंचित ओल्या शेवाळात गुंडाळून शीतकपाटात हिवाळा घालवतात, पण आपला उन्हाळा त्या कपाटात कसा मावणार?

आपल्या विद्यार्थ्यांना हीच गोष्ट दाखवायची तर सह्याद्रीत हबेनारिया पाहावी. ही जमिनीवरची ऑर्किडे पावसाबरोबर उगवतात, फुलतात आणि पाऊस सरला की जमिनीखालच्या गाठीत झोपी जातात. एकाने बर्फ चुकवायचा, दुसऱ्याने दुष्काळ. मात्र पाहावी ती जागेवरच, उपटून आणू नये.

ज्यांची मुलेबाळे इंग्लंड, जर्मनी किंवा कॅनडात आहेत, त्यांनी ही हौस तिकडे सुचवायला हरकत नाही. सुरुवात संकरित रोपापासून करावी. मॅक्रॅन्थॉस आणि पार्व्हिफ्लोरम यांचा 'गिसेला' हा संकर सोशिक आहे. न्यू जर्सीसारख्या भागांतल्या पाइनच्या रानात दिसणारे गुलाबी सिप्रिपेडियम अकॉल मात्र टाळावे. त्याला अतिशय आम्ल माती लागते आणि कुंडीत ते क्वचितच टिकते. विकत घेताना मुळे पाहावीत. रोपवाटिकेतल्या रोपाची मुळे स्वच्छ, अखंड आणि सगळीकडे सारखी पसरलेली असतात. मुळे तुटकी असतील, त्यांना रानातली काळी माती चिकटलेली असेल आणि एवढे मोठे झाड स्वस्तात मिळत असेल, तर ते कोठून आले हे विक्रेत्याला विचारावे.