वितळणे आणि विरघळणे यांतील भेद

चहात साखर ‘वितळली’ आणि उन्हात बर्फ ‘विरघळला’, असे आपण सहज बोलून जातो. व्यवहारात त्यामुळे काही बिघडत नाही. परंतु विज्ञानाच्या तासाला याच दोन शब्दांपाशी पुष्कळ विद्यार्थी अडखळतात. दोन्ही वेळी घन पदार्थ डोळ्यांदेखत नाहीसा होतो, म्हणून दोन्ही क्रिया एकच, अशी त्यांची समजूत होते. ती वेळीच दूर केली नाही, तर पुढे द्रावण आणि पाण्याची शुद्धता या गोष्टी अवघड होऊन बसतात.

वितळण्यासाठी एकच पदार्थ पुरेसा असतो. मात्र त्याला उष्णता मिळावी लागते. उष्णतेमुळे घन पदार्थातील कणांची घट्ट मांडणी सैल होते व पदार्थ द्रवरूप होतो. ज्या तपमानास हे घडते, त्यास त्या पदार्थाचा द्रवणांक म्हणतात. बर्फाचा द्रवणांक ० अंश सेल्सिअस आहे, तर खोबरेल तेलाचा सुमारे २४ अंश. म्हणूनच गोव्यात डिसेंबर-जानेवारीतील थंड पहाटे बाटलीतील तेल गोठते आणि ऊन लागताच पुन्हा पातळ होते. गोठो वा वितळो, ते तेलच असते.

विरघळण्यासाठी मात्र दोन पदार्थ लागतात. विरघळतो तो द्राव्य, ज्यात विरघळतो तो द्रावक आणि दोहोंचे मिश्रण म्हणजे द्रावण. मीठ पाण्यात टाकले असता पाण्याचे कण मिठाच्या कणांना वेढून एकमेकांपासून अलग करतात व ते सर्व पाण्यात सारखे पसरतात. ऊन पाण्यात साखर लवकर विरघळते हे खरे. पण थंड पाण्यातही ती विरघळतेच. उष्णता येथे मदतनीस आहे, मूळ कारण नव्हे.

हा भेद पाठ करून घेण्यापेक्षा विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावा. त्यासाठी पुढील प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतील.

पहिला प्रयोग मिठाचा. शिक्षकांनी स्वतः कोरड्या तव्यावर चिमूटभर खडे मीठ तापवावे व मुलांना थोडे दूर उभे करावे. मीठ तडतडेल, पण वितळणार नाही. कारण त्याचा द्रवणांक ८०१ अंश सेल्सिअस आहे आणि घरच्या चुलीवरील तवा तितका तापत नाही. तेच मीठ पेलाभर थंड पाण्यात टाकून ढवळले की काही वेळातच दिसेनासे होते. चुलीच्या आचेने जे झाले नाही ते थंड पाण्याने कसे केले, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा.

दुसरा प्रयोग वजनाचा. झाकणाच्या डब्यात बर्फ घालून वजन करावे आणि बर्फ वितळल्यावर पुन्हा करावे. डब्याच्या बाहेरील बाजूस हवेतील बाष्पाचे थेंब जमतात, ते आधी पुसून घ्यावेत. वजन तेवढेच भरते. त्यानंतर २०० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम साखर विरघळवावी. द्रावण २२० ग्रॅम भरते. साखर दिसत नाही, तरी ती तेथेच आहे, हे तराजूच सांगतो.

तिसरा प्रयोग जिभेचा. लोण्याचा कण जिभेवर ठेवला की शरीराच्या उष्णतेने वितळतो. गुळाचा खडा लाळेत विरघळतो. मेण पाण्यात कितीही ढवळले तरी विरघळत नाही, पण आचेवर चटकन वितळते. कोकमाच्या सरबतात तर दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात : साखर विरघळते आणि बर्फ वितळतो. विद्यार्थ्याने प्रत्येक वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : येथे पदार्थ एक की दोन?

विरघळलेला पदार्थ परत कसा मिळवावा, हे शिकवण्यासाठी आगरवाडा, हडफडे किंवा रायबंदर येथील मिठागरांसारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि मीठ आगरात उरते. वितळलेला पदार्थ नुसता थंड केला की पुन्हा घट्ट होतो. विरघळलेले मीठ परत मिळवण्यासाठी मात्र पाणी निघून जावे लागते.

या भेदाचे महत्त्व शाळेपुरते नाही. गढूळ पाणी फडक्याने गाळले की माती बरीचशी अडते. विरघळलेले क्षार मात्र फडक्यातून आरपार जातात. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी गाळून वा उकळून गोडे होत नाही. उकळल्याने रोगजंतू मरतात; क्षार मात्र राहतात, उलट पाणी आटले तर त्यांचे प्रमाण वाढते. ‘पाणी नितळ आहे, म्हणजे शुद्ध आहे’ असे मानणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

हगवणीने बेजार झालेल्या मुलास द्यावयाच्या मीठ-साखरेच्या पाण्यालाही हेच लागू पडते. उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून एकही कण तळाशी राहणार नाही असे ढवळावे. साखर तळाशी राहिली तर वरचे पाणी योग्य प्रमाणाचे होत नाही. मीठ दिसत नाही म्हणून आणखी टाकणे तर अपायकारकच. मापाने टाकलेले मीठ दिसेनासे झाले तरी पाण्यात पूर्णपणे असते, हे शाळेत शिकलेले मूल घरी आईलाही समजावून सांगू शकेल.